अर्धपोकळ गिटारची कुंडली

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पोचली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. अमेरिकेला येताना बॅगेत घातलेल्या चार-सहा कॅसेटींत ती नसेल असे घर विरळाच. संतूर काश्मीरचे आणि बासरी आपली हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यातली गिटार कुठली, असे कोणी विचारले तर उत्तर येत नाही. ती अमेरिकन होती. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू या गावी बनवलेली, गिब्सन कंपनीची ‘सुपर ४००’. काब्रांनी तिच्या तारा उंच केल्या, सुरासाठी तार जोडली, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर राग वाजवला.

ही ‘सुपर ४००’ आतून पूर्ण पोकळ होती. आज मला लिहायचे आहे ते तिच्या धाकट्या बहिणीविषयी, म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटारविषयी. जुनी अर्धपोकळ गिटार ओळखायची कशी, तिचे जन्मसाल काढायचे कसे आणि ती सांभाळायची कशी, हा इथल्या पुष्कळ मंडळींचा छंद आहे. मलाही तो लागला. आमच्या डब्लिनमध्ये शनिवारी सकाळी गराज सेल लागतात, आणि पलीकडे प्लेझंटनला काउंटी फेअरग्राउंड आहे. जुन्या वस्तूंची आवड असलेल्या माणसाला बिघडायला एवढे पुरे! मात्र छंद म्हणून सुरू झालेली ही गोष्ट मला शिसवी लाकडापासून मिरजेच्या सतारमेकर गल्लीपर्यंत घेऊन गेली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोकळ आणि भरीव

वाद्य पोकळ का असते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो म्हणून तर तारेचा बारीक आवाज दिवाणखानाभर पसरतो. तार छेडली की तिची थरथर घोडीवाटे तबलीत उतरते, तबली हवा हलवते आणि आतली हवा तिला साथ देते. जुनी गिटारही याच न्यायाने चालत असे. पण १९२० नंतर अमेरिकेत नाचाचे मोठे बँड आले. दहा-बारा ट्रंपेट-सॅक्सोफोनांपुढे गिटारवाल्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? तेव्हा विजेची मदत घेणे ओघाने आले.

१९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये रिकेनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ नावाची हवाइयन गिटार आली. हीच बाजारात खपलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार. पाठोपाठ १९३६ साली गिब्सनने ‘ई एस १५०’ काढली. ई एस म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. हवाइयनसारखी मांडीवर आडवी न ठेवता उभी धरून वाजवायची. चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णी वादकाने तिच्यावर जाझ वाजवले आणि साथीला बसणारे वाद्य एकदम पुढच्या रांगेत आणले.

पण एक अडचण होती. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की लाउडस्पीकरचा आवाज उलट तिच्याच पोटात शिरतो, तबली पुन्हा थरथरते, पिकअप ती थरथर पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि सभागृहात कर्कश शिट्टी घुमू लागते. गणेशोत्सवात माइक स्पीकरसमोर नेल्यावर जे होते तेच हे! यावर उपाय म्हणून लेस पॉल या खटपट्या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात रात्री बसून एक अजब यंत्र केले. चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा सोट घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवले आणि गिटारसारखी दिसावी म्हणून दोन बाजूंना चिरलेल्या गिटारचे अर्धे-अर्धे अंग चिकटवले. त्याचे नाव ठेवले ‘लॉग’, म्हणजे ओंडका. गिब्सनने तो तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे फेंडरची भरीव गिटार बाजारात गाजू लागली तशी १९५२ साली त्याच कंपनीने लेस पॉलच्याच नावाची भरीव गिटार काढली.

भरीव गिटार शिट्टी मारत नाही, तारेचा सूर लांबवर टिकतो. पण जुन्या वादकांना तिच्यात हवेचा गोडवा सापडेना. शिवाय ती जडही. मग १९५८ साली गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या काळात मधला मार्ग निघाला, ‘ई एस ३३५’. बाहेरून पाहावे तर पोकळ गिटारसारखी: सोळा इंच रुंद, पावणेदोन इंचांच्या आसपास जाड, दोन्ही बाजूंना गोल शिंगे आणि व्हायोलिनसारखी दोन एफ आकाराची छिद्रे. आत मात्र मधोमध, दांडीपासून बुडापर्यंत, मेपलचा भरीव ठोकळा. वरची तबली घुमटासारखी फुगीर आणि ठोकळा सपाट, तेव्हा मधली फट भरायला स्प्रूसच्या मऊ लाकडाच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या. म्हणजे मध्ये ओंडका आणि दोन्ही कुशींत हवा. लेस पॉलचा तोच रात्रीचा उद्योग, फक्त चांगले कपडे घालून आलेला!

पहिल्या वर्षी कॅलमझूहून अशा ३१७ गिटारी बाहेर पडल्या. किंमत होती २६७ डॉलर ५० सेंट. त्याच घराण्यात वर्ष-दीड वर्षात ‘३५५’ आणि ‘३४५’ आल्या. बी. बी. किंग यांची जगप्रसिद्ध ‘ल्युसिल’ पुढे याच ‘३५५’च्या रूपात लोकांनी पाहिली.

कॅलिफोर्नियातले सोयरे

त्याच १९५८ साली कॅलिफोर्नियात रिकेनबॅकरनेही अर्धपोकळ गिटारी काढल्या. रॉजर रॉसमाइझल या जर्मन कारागिराची पद्धत मात्र उलटी. त्याने मेपलची फळी पाठीकडून कोरून पोकळ केली आणि मागून झाकण लावले. आपल्याकडे सरोदाची कोठी लाकूड कोरून काढतात, त्याची आठवण व्हावी. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले असताना जॉर्ज हॅरिसनच्या हाती बारा तारांची रिकेनबॅकर आली. पुढच्याच वर्षी त्याच हॅरिसनच्या हाती सतार आली, हे आपल्याला अधिक ठाऊक असते. रॉसमाइझल पुढे फेंडरकडे गेला आणि तिथे त्याने ‘कोरोनॅडो’ (१९६६) व ‘थिनलाइन टेलिकास्टर’ (१९६८) आखल्या.

आमच्या बे एरियाचाही या इतिहासात वाटा आहे. साठीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसेडी आणि ग्रेटफुल डेडचा फिल लेश हे दोघे गिल्ड कंपनीचा ‘स्टारफायर’ हा अर्धपोकळ बास वाजवत. हे बास उघडून, आतली विजेची जोडणी बदलून सुधारण्याच्या खटपटीतूनच १९६९ च्या सुमारास ‘अलेम्बिक’ ही नामांकित कंपनी उभी राहिली. गमतीची गोष्ट अशी की त्याच काळात, १९६७ साली, उस्ताद अली अकबर खाँ यांनी बर्कलेत संगीतशाळा काढली आणि वर्षभरात ती सॅन रफाएलला नेली. खाडीच्या एका काठावर गिटारची पोटे उघडली जात होती आणि दुसऱ्या काठावर सरोद शिकवला जात होता!

आणि आपली मुंबई?

मुंबईत गिटार नव्हती असे मुळीच नाही. गोव्याहून आलेल्या वादकांनी आधी हॉटेलांचे बँड आणि मग चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. धोबीतलावचे १८६५ सालापासूनचे फुर्टाडोंचे दुकान वाद्यांसाठी सर्वांना माहीत होते. हवाइयन गिटार टाउ मो यांच्यासारख्या फिरत्या वादकांबरोबर १९४० च्या दशकात कलकत्त्यात रुजली. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या धुना रेडिओवर ऐकल्या नाहीत असा आमच्या पिढीचा माणूस सापडणार नाही. १९८० सालच्या ‘कर्ज’मधली ती गिटारची सुरावट गोरख शर्मांची.

पण वाद्य मिळवणे हीच मोठी साधना होती. १९९१ पूर्वी आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे खरी गिब्सन म्हणजे बोटीवरचा खलाशी, विमानातला कर्मचारी किंवा परदेशातला मामा यांच्यापैकी कोणीतरी आणलेली. बाकीच्यांनी दांडीवर ‘गिव्हसन’ असे लिहिलेली भारतीय बनावटीची गिटार घ्यायची आणि एका अक्षराच्या फरकाकडे प्रेमाने दुर्लक्ष करायचे! अशा काळात नंदू भेंडे या मराठी मुलाने मुंबईत रॉक गायले. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये भूमिका केली, आणि १९७८ सालच्या ‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीतातही वाटा उचलला. पु. लं.चे शब्द आणि पाश्चात्त्य वाद्यांचा ठेका एका रंगमंचावर आला तो असा. नंदू भेंडे २०१४ साली गेले.

कुंडली कशी मांडावी

आता मुख्य मुद्दा. समोर एक जुनी ‘३३५’ आहे आणि मालक म्हणतो, ही एकोणसाठची. विश्वास कशावर ठेवायचा?

पहिले काम, आत डोकावणे. दंतवैद्याकडचा छोटा आरसा आणि बारीक टॉर्च घ्यावा आणि एफ छिद्रातून पाहावे. मध्ये आडवी भिंत दिसली तर ठोकळा आहे. आरपार दिसले तर ती ‘३३०’, म्हणजे तशीच दिसणारी पण पूर्ण पोकळ बहीण. एपिफोनची ‘कॅसिनो’ही तशीच पोकळ. बाजारात या पुष्कळदा अर्धपोकळ म्हणून खपवल्या जातात.

दुसरे, नारिंगी लेबल. एका छिद्रातून आत चिकटवलेले लंबगोल लेबल दिसते, त्यावर मॉडेल आणि क्रमांक असतो. १९६१ च्या सुरुवातीपर्यंत क्रमांकाच्या आधी ‘ए’ हे अक्षर असे. शिवाय लाकडावर कारखान्याचा आणखी एक शिक्का असतो, त्याचे पहिले अक्षर वर्ष सांगते: टी म्हणजे १९५८, एस म्हणजे १९५९, आर म्हणजे १९६०. अक्षरे उलटी का चालतात ते कॅलमझूच्या मंडळींनाच ठाऊक! १९६१ नंतर मात्र सगळा सावळा गोंधळ. साठीच्या दशकात गिब्सनने तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. एकच क्रमांक तीन वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर सापडू शकतो. तेव्हा नुसत्या क्रमांकावरून साल सांगणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा.

तिसरे, अंगावरच्या खुणा. दांडीवर पडद्यांमध्ये शिंपल्यासारखे ठिपके असतील तर १९५८ ते १९६२ च्या मध्यापर्यंतची. चौकोनी तुकडे असतील तर त्यानंतरची. पण १९८१ साली गिब्सनने ठिपके परत आणले, म्हणून नुसत्या ठिपक्यांनी हुरळून जाऊ नये. तारा जिथे अडकवतात तो छोटा धातूचा पट्टा तबलीवर दोन खिळ्यांत बसवलेला असेल तर १९६४ अखेरपर्यंतची. बुडाकडून टांगलेला लांब झोपाळ्यासारखा असेल तर १९६५ आणि पुढची. त्याच सुमारास निकेलचा मुलामा जाऊन क्रोम आले आणि मेरूपाशी दांडीची रुंदी एक पूर्णांक अकरा सोळांश इंचावरून एक पूर्णांक नऊ सोळांश इंचावर आली. फरक फक्त एक अष्टमांश इंचाचा, पण बोटांना लगेच कळतो. दांडीच्या डोक्यामागे ‘मेड इन यू एस ए’ असा ठसा असेल तर गिटार १९७० च्या अलीकडची.

चौथे, पोटातली वीज. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली जो गोल भाग असतो त्याच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. सिलिकॉन व्हॅलीत चिपांवरचे तारखेचे कोड वाचून ज्यांच्या डोळ्यांचे नंबर वाढले, त्यांना हे वाचणे डाव्या हातचा मळ आहे. १३७६६१८ म्हणजे १३७ ही सी टी एस कंपनी, ६६ साल, १८ वा आठवडा. गिटार त्या आठवड्यानंतरची, आधीची असूच शकत नाही. अर्थात हा भाग मागाहून बदललेला नाही, जुना डाख तसाच आहे, हे आधी बघायचे.

पाचवे, पिकअप. सेठ लव्हर या गिब्सनच्या तंत्रज्ञाने गुणगुण मारणारा दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप बनवला आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. म्हणून सुरुवातीच्या पिकअपांच्या पोटावर ‘पेटंट मागितले आहे’ अशा अर्थाची काळी चिठ्ठी असे. हेच ते नावाजलेले ‘पी ए एफ’, ज्यांच्या एका जोडीला आज हजारो डॉलर पडतात. पेटंट १९५९ साली मिळाले. साधारण १९६२ पासून चिठ्ठीवर क्रमांक छापू लागले, पण तो या पिकअपचा नाहीच! तो आहे लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा. प्रतिस्पर्ध्यांनी शोधायला जावे आणि भलताच कागद हाती लागावा म्हणून मुद्दाम केले, असे म्हणतात. काही असो, चुकीचा क्रमांक हीच आता खरेपणाची खूण झाली आहे.

सहावे, रंग. त्या काळच्या लॅकरवर अतिनील दिवा धरला की हिरवट-पिवळी झाक दिसते. नंतर कोणी रंग मारला असेल तर तेवढा भाग वेगळा, काळपट दिसतो. दांडीचे डोके मोडून चिकटवलेले असेल तर सांधा दिसतो. हे डोके मोडणे गिब्सनचे जुनेच दुखणे आहे, कारण नेमकी तिथेच दांडी कोरलेली असते. पुन्हा रंगवलेल्या किंवा डोके सांधलेल्या गिटारची किंमत साधारण निम्मी धरतात. वादक म्हणतो आवाजात फरक नाही, संग्राहक म्हणतो खिशात आहे. दोघेही खरे बोलतात.

रंगावरून किंमत किती बदलते याचे एक उदाहरण देतो. न रंगवलेल्या, लाकडाच्या मूळ रंगाच्या ‘३३५’ गिब्सनने १९५८ ते १९६० या तीन वर्षांत मिळून २०९ पाठवल्या. याउलट १९६७ या एका वर्षात सर्व रंगांच्या मिळून पाच हजारांवर ‘३३५’ गेल्या. म्हणून एका गिटारीला घराच्या डाउन पेमेंटएवढी रक्कम मिळते आणि तिच्याच धाकट्या बहिणीला जुन्या मोटारीएवढी.

एका घरातली वाटणी

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, साल अठ्ठावन्न असो की सहासष्ट, बिघडले कुठे? त्यासाठी इथलीच एक हकीकत सांगतो. डब्लिनमधल्या माझ्या ओळखीच्या एका अमेरिकन आजीबाईंकडे त्यांच्या दिवंगत यजमानांची ‘३३५’ होती. घरात सर्वांचे ठाम मत, गिटार एकोणसाठची. कारण लग्न एकोणसाठचे आणि लग्नाच्या वर्षीच ती घेतली. आजींना दोन मुली. गिटार थोरलीला द्यायची आणि तिच्या किमतीएवढे पैसे धाकटीला, असा त्यांचा बेत होता. कोणीतरी एकोणसाठच्या हिशेबाने पाच आकडी मोठी रक्कम सांगितली होती. एवढे पैसे धाकटीला दिले असते तर आजींची पुंजीच संपली असती.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पांघरूण पसरून आम्ही गिटार पाहिली. चौकोनी तुकडे, झोपाळा, क्रोम, अरुंद दांडी. बटणांखाली साल सहासष्ट, डाख जुना आणि अस्पर्श. पेटीच्या कप्प्यात हप्त्यांच्या पावत्याही निघाल्या, सदुसष्टच्या. मी हे सांगितले तेव्हा आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, एकोणसाठची एक दुसरी होती, स्वस्तातली. ती देऊन त्याने ही घेतली असणार. मुलींनी मात्र लहानपणापासून हीच पाहिली. दोन गिटारींची एक गोष्ट होऊन बसली होती.

वाटणी नंतर चार आकडी रकमेवर झाली. थोरलीला गिटार मिळाली, धाकटीला तिचा रास्त वाटा, आणि आजींकडे त्यांची पुंजी राहिली. साल काढण्याचा खटाटोप कशासाठी, याचे मला यापेक्षा चांगले उत्तर माहीत नाही. गिटारमध्ये काहीही बदललेले नव्हते, आणि तिची किंमत टिकली तीही त्यामुळेच. मधल्या काळात कोणीतरी त्यांना तबलीत दोन भोके पाडून जुन्या पद्धतीचा पट्टा बसवायचा सल्ला दिला होता. तो त्यांनी ऐकला नाही हे फार बरे झाले.

शिसवीचा प्रश्न

या गिटारींच्या दांडीवरची पडद्याखालची पट्टी शिसवी जातीच्या लाकडाची असते. जुन्यांवर ब्राझीलचे शिसव. साठीच्या दशकाच्या अखेरीला ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि अमेरिकेतले गिटार कारखाने भारतीय शिसवीकडे वळले. सह्याद्रीपासून निलगिरीपर्यंत वाढणारे हेच ते झाड, ज्याचा पलंग किंवा देव्हारा आपल्या आजोळी होता. म्हणजे सत्तरच्या दशकात इथे आलेल्या आपल्या पहिल्या इंजिनिअर मंडळींच्या बरोबरीनेच आपले लाकूडही इथे नोकरीला लागले होते, म्हणायला हरकत नाही!

पण त्याचे कायदे कडक आहेत. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ करारात ब्राझीलचे शिसव १९९२ साली सर्वांत कडक यादीत गेले. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीची सगळी भावंडे दुसऱ्या यादीत आली आणि गिटारवाल्यांची तारांबळ उडाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, मात्र ब्राझीलच्या शिसवीला ती नाही. तेव्हा एकोणसाठची ‘३३५’ घेऊन दिवाळीला पुण्याला जाण्याचा विचार असेल तर आधी फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचे प्रमाणपत्र काढावे. विमानतळावर वाद घालून उपयोग नसतो.

खुद्द गिब्सनवरही हे प्रकरण शेकले. २००९ आणि २०११ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले. पहिल्या वेळी मादागास्करच्या एबनीचा प्रश्न होता, दुसऱ्या वेळी भारतातून आलेल्या एबनी आणि शिसवीच्या पट्ट्यांचा. २०१२ साली तडजोड झाली. कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला आणि पन्नास हजार डॉलर निसर्गरक्षणासाठी दिले. भारताच्या निर्यात नियमांचा अर्थच स्पष्ट नसल्याने भारतीय लाकूड मात्र कंपनीला परत मिळाले. आपल्या डोंगरातल्या झाडावरून टेनेसीत खटला उभा राहावा, ही जागतिकीकरणाची नवलकथाच.

सांभाळ आणि आपली स्वतःची वाद्ये

ज्यांना घ्यायची हौस आहे त्यांना अनुभवाचे चार शब्द. ट्राय-व्हॅलीचा उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. गिटार मोटारीत किंवा गराजमध्ये ठेवू नये. खोलीत पंचेचाळीस-पन्नास टक्के आर्द्रता राहील असे पाहावे. जुने भाग बदलावे लागले तर काढलेला प्रत्येक स्क्रू पाकिटात घालून पेटीतच ठेवावा. गुंतवणूक म्हणून घेऊ नये. रोज अर्धा तास वाजवावीशी वाटली तरच घ्यावी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी ‘यामाहा’ आणि ‘आयबानेझ’ अर्धपोकळ गिटारीही सुरेख आहेत आणि खिशाला परवडतात.

शेवटी एक गोष्ट मला या छंदाने शिकवली, ती गिटारविषयी नाही. कॅलमझूच्या कारखान्यात मजूर शिक्के मारत होते, चिठ्ठ्या चिकटवत होते, म्हणून साठ-पासष्ट वर्षांनी आपण गिटारची कुंडली मांडू शकतो. तो कारखाना गिब्सनने १९८४ साली बंद केला, पण शिक्के उरले. आता आपल्या घरांकडे पाहा. या खोऱ्यात किती तंबोरे, सतारी, हार्मोनिअम कपाटांवर आहेत! त्यांतले बरेच मिरजेचे. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी ती गल्ली गाजती ठेवली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे येतात आणि तंबोरे होऊन जगभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण आपल्या घरातला तंबोरा कोणी घडवला, कोणत्या साली, कोणासाठी, जवारी शेवटची कोणी काढली, हे त्या तंबोऱ्यावर बहुधा कुठेच लिहिलेले नसते. ते आईला ठाऊक होते, किंवा तिच्या गुरुजींना. आपल्याला अर्धवट ठाऊक आहे. आपल्या मुलांना काहीच ठाऊक नसेल, आणि नातवंडांसाठी तो ‘इंडियातून आलेला भोपळा’ असेल. त्या आजीबाईंच्या घरी दोन गिटारींची एक गोष्ट झाली, तरी पोटातले आकडे खरे सांगायला हजर होते. आपल्या वाद्यांच्या पोटात आकडे नाहीत.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. एका चांगल्या कागदावर, शाईने, वाद्याचे नाव, घडवणाऱ्याचे घराणे, खरेदीचे गाव आणि साल, वाजवणाऱ्याचे नाव लिहा. मराठीत लिहा आणि खाली इंग्रजीतही, कारण वाचणारा कोण असेल ते सांगता येत नाही. जे नक्की माहीत आहे तेवढेच लिहा. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहा. तो कागद पेटीच्या कप्प्यात ठेवा. पावसाळी शनिवारच्या दुपारी अर्ध्या तासाचे काम आहे, आणि आई-वडील फोनवर भेटतात तोवर करण्याचे आहे.